शिवेबाहेरचं गाऱ्हाणं

अवकाशात झेप घेण्याची मानवाची आकांक्षा ही शेवटी राष्ट्र आणि खाजगी उद्योग यांच्यातल्या परस्परविश्वासावर उभी असते. हे वाक्य माझं नाही. ते माझ्या धाकट्या चुलतभावाचं, म्हणजे आज्याच्या भावाच्या नातवाचं आहे. बेंगळुरूच्या एका मोठ्या सभागृहात, अंगात कोट आणि पाठीमागे निळा पडदा असताना त्यानं ते उच्चारलं, आणि त्याचा व्हिडिओ आमच्या गावातल्या प्रत्येक फोनवर येऊन पोचला. तोवर गावाला त्याची जी वाक्यं पाठ होती ती 'मागं सरका, आणखी दोघं बसत्यात' अशा धर्तीची होती. तो जोयडा ते नंदिगड्डे जीप चालवायचा.

मी जीप चालवली नाही. मी धारवाडला भौतिकशास्त्र शिकलो, परीक्षा दिली आणि सरकारी अवकाश संस्थेत लागलो. तिथं मी निवृत्त होईपर्यंत एकच काम केलं. रॉकेट वर जाताना इतकं थरथरतं, की त्यात बसवायची प्रत्येक वस्तू आधी जमिनीवर एका टेबलाला बांधून तशीच थरथरवून बघावी लागते. टिकली तर पुढे पाठवायची, तडा गेला तर परत पाठवायची. आमचं गाव कर्नाटकात, कारवारच्या वरच्या घाटात, नंदिगड्डे आणि गुंद यांच्यामधल्या रानात. तिथं माझ्या आईनं हे काम शेजारणीला समजावून सांगितलं तेव्हा तिनं विचारलं, "म्हंजे सुपात पाखडल्यागत?" आईनं व्हय म्हटलं. याहून बरी व्याख्या मला संस्थेतल्या कुठल्याच पुस्तिकेत सापडली नाही.

या पाखडण्याच्या जोरावर गावानं मला 'रॉकेटवाला' म्हणायला सुरुवात केली. सुट्टीत आलो की बसचा कंडक्टर इतरांना सांगायचा, रॉकेटवाले आलेत. एखादं सरकारी रॉकेट उडालं की गावातली माणसं माझ्या बापाला भेटायला यायची, जणू ते आमच्याच अंगणातून सुटलं होतं. माझी या कौतुकाबद्दल काही तक्रार नव्हती. थोरामोठ्यांच्या सत्काराकडे मी नेहमी संशयानं बघत आलो आहे. स्वतःच्या कौतुकाकडे तसं बघण्याचा प्रसंग माझ्यावर फारसा आला नाही.

माझा चुलतभाऊ त्या काळात दहावीच्या विज्ञानाशी झगडत होता. विज्ञान जिंकलं आणि त्यानं जीप घेतली. त्याच्या जीपचा एक नेम होता. सरकारी बस सुटायच्या थोडं आधी ती सुटायची. बस वेळापत्रकानं निघायची, जीप माणसं भरली की निघायची. रस्ता सरकारनं केलेला, स्टँड सरकारनं बांधलेला, आणि तिथं उभी असलेली माणसंही बसचीच वाट बघत असायची. तो फक्त ती आधी उचलायचा. ज्या दिवशी ओढ्याला पाणी चढायचं त्या दिवशी जीप घरी राहायची आणि माणसं बसच्या नावानं बोटं मोडायची, की बघा, सरकारी बस वेळेवर येत नाही. पुढे खाजगी अवकाश कंपन्या आणि सरकार यांच्या संबंधांवरचे जाडजूड लेख मी वाचले. त्यात मला नवीन असं फारसं काही सापडलं नाही.

त्याची खरी करामत मात्र जीपमध्ये नव्हती, ती बाकावर होती. आमच्या तालुक्यात झाडाची फांदी तोडायची म्हटलं तरी कुणाला तरी विचारावं लागतं. वाडीवर विजेचे खांब यायचे होते तर ते वनखात्याच्या जमिनीतून येणार. साकव दुरुस्त करायचा तर लाकूड वनखात्याचं आणि ओढा आणखी कुठल्या खात्याचा. या कामांसाठी गावकरी त्याच्या जीपमधून जोयड्याच्या, कधी कारवारच्या कचेरीत जायचे, आणि जीपवाला म्हणून तो बाहेरच्या बाकावर बसून राहायचा. गावकरी कंटाळून घरी परतायचे. हा परतायचा नाही. शिपायाचं गाव कुठलं, साहेबांच्या मुलीचं लग्न ठरलं का, कुठला कारकून कुणावर रुसलाय, हे सगळं त्याला त्या बाकावर कळत गेलं. काही वर्षांत साहेबच त्याला आत बोलावून विचारायला लागले, की अमक्या खात्यात आमचं एक काम अडकलंय, काय करावं.

आमच्या संस्थेतून बाहेर पडून काही तरुण इंजिनिअरांनी रॉकेटची कंपनी काढली. त्यांना इंजिन पेटवून बघायला मोकळी जागा हवी होती. जागा होती, पण तिच्यावर नाना खात्यांचे नाना हक्क होते. ही हुशार मुलं प्रत्येक कचेरीत जाऊन इंजिन कसं चालतं ते समजावून सांगत होती. त्यामुळे प्रत्येक कचेरी घाबरत होती. कुणीतरी त्यांना माझ्या चुलतभावाचं नाव सुचवलं. तो गेला आणि बाकावर बसला. इंजिनाबद्दल त्याला काहीच माहीत नसल्यामुळे तो त्याबद्दल काही बोलला नाही. परवानगी मिळाली. त्यांनी त्याला ठेवून घेतलं आणि 'शासकीय समन्वय विभागाचा प्रमुख' केलं. सुरुवातीला त्या विभागात तो एकटाच होता. त्यामुळे प्रमुखपद त्याला फार जड गेलं नसावं.

मग सरकारनं धोरण बदललं. आमच्या संस्थेची दारं खाजगी कंपन्यांना उघडली. आमची टेबलं, आमचे भट्टीसारखे तापणारे कक्ष, पूर्व किनाऱ्यावरचं आमचं प्रक्षेपण केंद्र, सगळं त्यांनी वापरावं असं ठरलं. परवानग्या द्यायला वेगळी यंत्रणा आली. एके दिवशी माझ्या टेबलावर जी वस्तू बांधायला आली, तिच्यावर त्या कंपनीचं नाव होतं आणि तिच्याबरोबर माझा चुलतभाऊ होता.

वस्तू म्हणजे रॉकेटचे दोन टप्पे जोडणारं एक कडं. मी ते थरथरवलं. छान होतं, हे मला तेव्हाच कळलं आणि बरं वाटलं नाही. आम्हाला असलं कडं करायला समित्या लागत, आणि समित्यांना आणखी समित्या. त्यांनी ते वर्षभरात केलं होतं, आधीची काही तोडून. आम्हाला तोडायची मुभा नव्हती. आमचं काही तुटलं तर दिल्लीत प्रश्न विचारले जात. त्यांचं तुटलं तर ते हसत फोटो काढून टाकत आणि खाली लिहीत, की आम्ही शिकलो. जे शिकायचं ते आम्ही आधीच शिकून ठेवलं होतं, आणि त्यांच्यातल्या निम्म्यांना ते आम्हीच शिकवलं होतं, हे त्या फोटोखाली नसे.

चाचणीचा अहवाल घेऊन मी संचालकांच्या केबिनबाहेर उभा राहिलो. आत पाहुणे आहेत असं सांगण्यात आलं. दार उघडलं तेव्हा पाहुणा माझा चुलतभाऊ होता. समोर चहा, शेजारी काजूची बशी. तो उठून उभा राहिला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "दादा, तू बाहेर कशाला?" संचालक माझ्याकडे वळले. "तुमचे भाऊ? कधी सांगितलं नाहीत." इतक्या वर्षांत त्यांनी मला विचारलेला तो पहिला घरगुती प्रश्न. चुलत आहेत, एवढंच मी सांगितलं.

त्यानंतर लवकरच मी निवृत्त होऊन गावी आलो. आल्या आल्या माझ्या लक्षात आलं, की रॉकेटवाला हे पद आता माझ्याकडे राहिलेलं नाही. बसच्या कंडक्टरनं मला 'त्या रॉकेटवाल्यांचे भाऊ' म्हणून पुढची जागा दिली. मी जागा घेतली. पाठ दुखत होती.

पण माझ्याकडे एक गोष्ट अजून होती. आमच्या गावात मांड आहे. मांड म्हणजे देवासमोरची सारवलेली मोकळी जागा. गावाचं जे काही मागणं असेल ते तिथं उभं राहून मोठ्यानं देवाच्या कानावर घालायचं, याला गाऱ्हाणं म्हणतात. एकानं म्हणायचं आणि प्रत्येक वाक्यानंतर सगळ्यांनी 'व्हय देवा' म्हणून दुजोरा द्यायचा. म्हणण्याचा मान थोरल्या घराचा, म्हणजे आमचा. बाप गेल्यावर तो माझ्याकडे आला होता. मी देवाधर्मातला माणूस नाही, हे गावाला माहीत आहे आणि देवालाही असावं. तरी शिमग्याला रजा काढून मी यायचो आणि गाऱ्हाणं म्हणायचो, कारण तिथं माझ्या प्रत्येक वाक्याला सगळा गाव व्हय म्हणायचा. संस्थेत असं कधी झालं नाही.

त्या कंपनीचं पहिलं मोठं रॉकेट पूर्व किनाऱ्यावरून उडायचं ठरलं, तेव्हा चुलतभाऊ गावी आला. आधी काकीला, म्हणजे त्याच्या आईला भेटला आणि मग आमच्या ओसरीवर येऊन बसला. रॉकेटसाठी मांडावर गाऱ्हाणं घालायचं आहे, असं त्यानं सांगितलं. मी म्हटलं, तुमचं रॉकेट, तूच घाल. बोलायला तू माझ्यापेक्षा बरा आहेस, व्हिडिओ पाहिलाय मी.

"तसं न्हाई चालत, दादा," तो म्हणाला. "मी उभा ऱ्हायलो तर देव म्हणंल, ह्यो कंपनीचा माणूस, ह्येचं काय काम हाय हितं. तू सरकारातला. सरकारी माणूस पुढं, आपण मागं. कागूद तसाच जातो."

"मी निवृत्त झालोय."

"व्हय, पण देवाच्या दप्तरी अजून तूच हायस."

बायको पोहे घेऊन आली तेव्हा मी हो म्हणून बसलो होतो. तो गेल्यावर ती म्हणाली, तिथं उभे राहाल तेव्हा तोंड जरा सरळ ठेवा, काकी समोरच असतील. माझं तोंड सरळच होतं, असं माझं मत होतं.

मी गाऱ्हाणं घातलं. माझ्या आज्याकडून बापाकडे आणि बापाकडून माझ्याकडे जसं आलं, तसंच्या तसं. त्याची रचना पक्की असते. आधी देवाला हाक, मग मागणं, आणि शेवटी शीव सांगायची. पूर्वेला नदी, पश्चिमेला घाटाची धार, उत्तरेचा ओढा, दक्षिणेचा दगड. या शिवेच्या आत जे आमचं म्हणून आहे त्याची तू राखण कर. मागण्याच्या जागी मी रॉकेट घातलं, इतकाच बदल. सगळ्यांनी व्हय देवा म्हटलं. चुलतभाऊ हात जोडून माझ्या मागे उभा होता, जसा तो कुठल्याही सरकारी माणसाच्या मागे उभा राहत असेल. मग तो पूर्व किनाऱ्याकडे निघून गेला.

उड्डाणाच्या सकाळी नंदिगड्ड्याच्या शाळेत पडदा लावला होता. सगळा गाव आला होता. काकीसाठी पुढे खुर्ची ठेवली होती, माझ्यासाठी तिच्या मागे. पडद्यावर रॉकेट उभं होतं. त्याच्यावर कंपनीचं नाव मोठ्या अक्षरात होतं आणि ते ज्या मनोऱ्याला टेकलं होतं त्या मनोऱ्यावर आमच्या संस्थेचं, लहान अक्षरात. मोजणी चालू असतानाच थांबवली गेली. उंचावरचे वारे जास्त आहेत, उड्डाण पुढे ढकललंय, असं सांगण्यात आलं.

तेव्हा माझ्या पोटात काहीतरी मऊ आणि उबदार पसरलं. भाकरीवर लोणी पसरतं तसं. चेहऱ्यावर मी शक्य तितकं दुःख आणलं. बायकोनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि ती पडद्याकडे बघू लागली.

हे लोणी दुपारपर्यंत टिकलं. दुपारी काकी आमच्या अंगणात आली. बसली नाही. उभ्या उभ्याच म्हणाली, "शिवेच्या आत मागितलंस. शिवेच्या आतच दिलं देवानं."

मला आधी कळलं नाही. मग कळलं. मी देवाला रॉकेटची राखण करायला सांगितलं होतं, पण नदी, धार, ओढा आणि दगड यांच्या आत. रॉकेट होतं त्याच्या कितीतरी पलीकडे, दुसऱ्या राज्यात. तिथं आमच्या देवाचं काही चालत नाही. जाणार होतं त्याच्याही वर, जिथं कुणाची शीवच नाही. शिवेच्या आत राहिला कोण? गाव. गाव सुखरूप होता. कुणाच्या घराचं कौलसुद्धा हललं नव्हतं.

मुद्दाम केलंस का, असं काकीनं विचारलं नाही. इतरांनी विचारलं. मी नाही म्हणालो, आणि ते खरं होतं. या मांडावर सात पिढ्या जे मागितलं गेलं ते शिवेच्या आतलंच होतं. भात पिकू दे, जनावर धड राहू दे, तापाची साथ बाहेर राहू दे. शीव बदलायची असते हे मला कुणी शिकवलं नव्हतं. पण लोणी माझ्या चेहऱ्यावर दिसलं होतं, आणि आता नाही म्हणण्याला फारसा अर्थ उरला नव्हता.

बुधवंतांनी गाव बोलावला. बुधवंत म्हणजे देवाच्या कारभारात ज्यांचा शब्द शेवटचा, ते. मांडावर बसल्या जागी मी उंचावरच्या वाऱ्यांचं शास्त्र सांगितलं. फुगे सोडून तो वारा मोजतात, ठराविक मर्यादेबाहेर गेला तर उड्डाण थांबवतात, त्यात गाऱ्हाण्याचा काही संबंध नाही. सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. बुधवंत म्हणाले, की वारा तर देवाचाच असतो. मी म्हटलं, मी एक शब्द इकडचा तिकडे केलेला नाही, आज्यानं म्हटलं तसंच म्हटलंय.

"नेम बरोबर हाय तुझा," बुधवंत म्हणाले. "काम झालं न्हाई."

आमच्या संस्थेबद्दल वर्तमानपत्रांतून पुष्कळ लिहून आलं होतं. इतक्या थोडक्यात कुणी लिहिलं नव्हतं.

मग काकी बोलली. एका घराचं गाऱ्हाणं लागलं नाही तर दुसऱ्या घरानं घालून बघायचं, आणि त्याचं लागलं तर मान त्या घराकडे जायचा, असा रिवाज आहे, याची तिनं सगळ्यांना आठवण करून दिली. आठवण करून द्यायची गरज नव्हती. "मान आमच्याच घरचा व्हता," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "ह्येच्या आज्यानं नेला. वाघ म्हशी न्यायचा तवा." आज्याच्या गाऱ्हाण्यानंतर वाघ गेला होता हे मला माहीत होतं. वाघानं आधी कुणाच्या गाऱ्हाण्याकडे दुर्लक्ष केलं होतं, हे आमच्या घरात कधी सांगितलं गेलं नव्हतं.

वारा पडायची वाट बघण्यात कंपनीचे सगळे लोक अडकले होते. एकटा चुलतभाऊ मोकळा होता, कारण परवानग्या सगळ्या मिळालेल्या होत्या आणि वाऱ्याची कचेरी कुठे आहे हे त्यालाही माहीत नव्हतं. तो विमानानं हुबळीला आला आणि तिथून गाडीनं गावी. मांडावर जाण्याआधी माझ्याकडे आला.

"रागावलास व्हय, दादा?"

मी म्हटलं, राग कशाचा, रिवाज आहे.

"मला मान नको हाय. माझं रॉकेट उडू दे, बस." तो जायला उठला. "आन् त्यात तुझं कडं बी हाय की."

हे मी विसरलो नव्हतो. गेले कित्येक दिवस मी दुसरं काही आठवतच नव्हतो. रॉकेट उडालं तर मांडावरची माझी जागा जाणार. पडलं, आणि त्या जोडावर तुटलं, तर त्या कड्याच्या अहवालाखाली सही माझी. मला काय हवं आहे हे मला कुणी विचारलं असतं तर मी सरळ उत्तर देऊ शकलो नसतो, आणि उत्तर टाळण्याची मला सरकारी सवय आहे. मी त्याला म्हटलं, कडं टिकेल. माझ्या टेबलावर टिकलंय.

तो मांडावर उभा राहिला. मी मागे, जिथं तो उभा होता तिथं.

त्याचं गाऱ्हाणं मी कुठंही ऐकलं तरी ओळखेन. त्यानं आधी देवाचे आभार मानले. खांब आले ते तुझ्यामुळं, साकव झाला तो तुझ्यामुळं, असं एकेक सांगत गेला. आम्ही मागणारे लोक आभार मानायला नेहमी विसरतो, आणि साहेबांना ते कळत असतं. मग त्यानं रॉकेटचं नाव घेतलं नाही. पोरांनी एक चीज केली हाय, असं म्हणाला. आणि मग शिवेशी आला.

"बा देवा, तुझी शीव आम्हास्नी ठावं हाय. नदीपातूर तू हायस. नदीपल्याड ज्येचा मुलूख हाय त्येला तू सांग, त्येनं फुडच्याला सांगावं, त्येनं दर्याच्या मालकाला सांगावं. वरती जो कोण असंल त्येला दर्याच्या मालकानं सांगावं. आमचं पोर येतंय म्हणावं. वाट दे म्हणावं."

"व्हय देवा," गाव म्हणाला.

इतक्या मोठ्यानं तो माझ्यासाठी कधी म्हणाला नव्हता. रानातून आवाज परत आला. मी पण म्हणालो. नाही म्हणायला जागा नव्हती. एका मुलखाकडून दुसऱ्या मुलखाकडे रीतसर शिफारस, कुणाचाही हक्क न डावलता, प्रत्येकाला आपणच मोठे वाटेल अशी. हीच त्याची नोकरी होती आणि याचाच त्याला पगार. उभ्या आयुष्यात मी पहिल्यांदा पाहिलं, की रॉकेट कसं उडतं. मला वाटत होतं ते पेटवल्यावर उडतं.

पुढच्या आठवड्यात वारा पडला. पुन्हा शाळेत पडदा, पुन्हा पुढे काकी, मागे मी. मोजणी संपली आणि रॉकेट उठलं. गाव ओरडत होता. मला काही ऐकू येत नव्हतं. मी फक्त जोडाची वाट बघत होतो. जिथं पहिला टप्पा सुटतो आणि सगळी थरथर त्या कड्यात एकवटते, ती वेळ आली तेव्हा मी, देवाधर्मातला नसलेला माणूस, 'वाट दे' असं पुटपुटत होतो. बायकोनं ते ऐकलं. पुढे कधी बोलून दाखवलं नाही, हा तिचा मोठेपणा. किंवा योग्य वेळेसाठी राखून ठेवलं असेल.

कडं टिकलं. टप्पा सुटला. थोड्या वेळानं उपग्रह आपल्या जागी पोचल्याची घोषणा झाली. पडद्यावर नियंत्रण कक्ष दिसला. कंपनीचे तरुण एकमेकांना मिठ्या मारत होते. मंत्री बोलले. संस्थेचे लोक आणि कंपनीचे लोक एकमेकांचे इतके आभार मानत होते, की नक्की कुणी काय केलं हे अनोळखी माणसाला कळलं नसतं. मागच्या रांगेत माझा चुलतभाऊ होता. माझे जुने संचालक त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभे होते. त्या हाताची मी आयुष्यभर वाट बघितली होती, हे मला त्या क्षणापर्यंत ठाऊक नव्हतं. कळल्यावर राग आला. आधी संचालकांचा, मग त्याच्या खांद्याचा.

काकी उठली आणि माझ्याजवळ आली. मला वाटलं, आता मानाचं बोलेल. ती म्हणाली, "तुझं कडं टिकलं म्हणं." आणि बायकांच्या घोळक्यात गेली.

मान मात्र गेला. त्यावर वाद झाला नाही. मीच उभा राहून बुधवंतांना सांगितलं, की त्यांचं गाऱ्हाणं लागलं आहे, आता मान धाकट्या घराचा. मी हे बरंच शांतपणे बोललो असं लोक म्हणाले. घरी आल्यावर मी दुपारभर ओसरीवर पडून राहिलो. बायकोनं विचारलं, तुमचा विश्वास नव्हताच ना त्यावर? मी म्हटलं, विश्वासाचा प्रश्न नाही. मग प्रश्न कशाचा आहे, असं तिनं विचारलं नाही, कारण आम्हा दोघांना तो माहीत होता. पिढ्यांचा मान एका घरातून उठून दुसऱ्या घरात जातो तेव्हा काय जातं हे ज्याचं गेलं त्यालाच कळतं, असलं काहीतरी गंभीर मी मनाशी जुळवत बसलो होतो.

शिमगा आला. मांड सारवून झाला. आदल्या दिवशी बुधवंत आमच्याकडे आले. चुलतभाऊ येऊ शकत नव्हता. दिल्लीत एका परवानगीसाठी त्याला थांबावं लागणार होतं आणि ती कधी मिळेल याचा भरवसा नव्हता. त्यानं फोनवर बुधवंतांना कळवलं होतं, की आपल्या वतीनं दादानं गाऱ्हाणं म्हणावं, आपली हरकत नाही.

तेव्हापासून मांडावर दरवर्षी मीच उभा राहतो; त्याची कुठली ना कुठली परवानगी शिमग्यातच अडकते. सुरुवातीला त्याचं नाव घ्यावं लागतं. मानाचा नारळ धाकट्या घरी जातो. काकी त्याची चटणी करते.